ठेसनाखाली गेलेलं वावर

अरं, इंजिन बंद कर आधी. एवढी कसली घाई? — कर बंद. हां, आता कसं, माणसाचं बोलणं माणसाला ऐकू येतंय. सांगतो रं, सांगतो कुठं खाली करायची ते, मी काय पळून चाललोय का? ह्या रखमाजीनं तुला कधी भरल्या डंपरनं माघारी लावलंय? न्हाई ना? मग बस हितं बाजेवर. चाकणला ट्राफिक लागलं असंल — लागलंच असंल, तोंडावरनंच दिसतंय तुझ्या. च्या पी, दम खा, मग बघू. सारजे! ए सारजे, सोपानला च्या टाक गं! — न्हाई, ती भाईर यायची न्हाई. तुझी गाडी बांधाला लागली की आमची म्हातारी आत जाती आन् दार लोटून घेती. तू मनाला लावून घिऊ नको, तुझ्यावर राग न्हाई तिचा. कप दारातनं सरकवंल ती, मी आणून देतो. तू बस.

आज काय भरलंय? विटा? — मागल्या खेपेला त्या पिवळ्या फरशा व्हत्या, बटणाबटणाच्या. आंधळ्या माणसाच्या पायाला कळावं म्हणून फलाटाच्या कडंला बसवत्यात म्हणं. आमच्या समृद्धीनं, नातीनं, त्यातल्या धड बघून बघून उचलल्या, गोठ्याम्होरं वळीनं मांडल्या, आन् झालं तिचं ठेसन. शेरडं त्या पिवळ्या पट्टीमागं हुबी करती आन् दम देती, पुढं यायचं न्हाई, गाडी येतीय. शेरडं कवा ऐकायची! ती जात्यात फलाट वलांडून ओढ्याला. हसतोस? हास, आमीबी हसतो. आरं, माझा बाप असल्यापासनं ऐकतोय मी, पुण्यावरनं नाशकाला रेल जाणार, आपल्याकडनं जाणार — मोजणीवालं आलं, खुट्या ठोकून गेलं, त्या खुट्या लोकांनी म्हशी बांधायला नेल्या. रेल काय आली न्हाई. आन् आता बघ, पुण्याचं आख्खं ठेसन माझ्या वावरात येऊन पडलंय — फलाट, जिनं, मुताऱ्या, तिकिटाची खिडकी, पाणी प्यायचा कट्टा, समदं. तुकड्यातुकड्यानं आलंय एवढंच. एकदा तर निळ्या पत्र्यावर निसतं 'प्रतीक्षा' एवढंच लिव्हलेलं आलं, फुडचं तुटलेलं. ते म्हातारीनं खुराड्याच्या तोंडाला लावलंय. कोंबड्या बसत्यात तिथं.

काय? — हां, मला ठावं व्हतं तू परत तेच इचारणार, कुठं टाकू, कुठं टाकू. जरा थांब की. तुमचं काम ठावं हाय मला समदं — हितल्या क्रशरवरनं खडी भरून पुण्याला न्यायची, नव्या ठेसनाला, आन् येताना गाडी मोकळी कशाला आणायची म्हणून जुन्या ठेसनाचा राडारोडा भरायचा. तिथं टाकायला जागा न्हाई आन् हितं इचारणारं कोण न्हाई. नारायणगावापासनं आळेफाट्यापतुर कुणाचं वावर, कुणाची खाण गावंल तिथं वतून मोकळं व्हायचं. मी बोल लावत न्हाई तुला. तुझ्या हातात ष्टेरिंग हाय, गाडी कुठं जाणार ते शेठच्या हातात.

पण जागेचं म्हणशील तर — त्या वरच्या अंगाला न्हाई जमायचं. तिथला भराव अजून बसला न्हाई, एक चाक घुसलं की गाडी कलंडली म्हणून समज. बांधाकडंला? बांधापल्याड कुशाबाचा ऊस, एक दगूड जरी घरंगळला तरी तो गाव डोक्यावर घेतो, आधीच कावलाय तो माझ्यावर. ओढ्याकडं तर न्हाईच न्हाई. ओढा बुजला की पाणी खालच्या वस्तीत शिरंल, तेवढी अक्कल शिल्लक हाय मला अजून. मग कुठं म्हणतोस? — तेच तर. तेच बघत बसलोय मी सकाळपासनं, हितं ह्या बाजेवर, आन् डोकं चालंना झालंय. घे, च्या आला. गूळ हाय त्यात, साखर न्हाई. पी.

तू हे वावर पिकात असताना बघितलं न्हाईस. बघायला पायजे व्हतंस. काळी जमीन, भुसभुशीत — मूठ आवळली तर लाडू व्हायचा, बोटानं टोचलं की फुटायचा. कांदा हितला चाळीत ठिवला तर लोक दुसऱ्याच्या आधी आमचा मागायचं, टिकतो म्हणून. कोथमीर केली तर वास रस्त्यापतुर. आन् आता त्यावर काय हाय? सिमेट, सळया, काचा. पायात चप्पल असल्याबिगर जाता येत न्हाई. आमच्या काळ्या गाईच्या खुरात सळई घुसली, डाक्टर आणावा लागला. लोकांना काय वाटतं, म्हाताऱ्याला पैसं भेटत असत्याल. न्हाई रं, एक रुपाया घेतला न्हाई मी कुणाकडनं. मग म्हणत्यात, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. कुशाबानं तोंडावर इचारलं मला पारावर, चार लोकात — रखमाजी, बापानं दगडं येचून येचून केलेल्या जमिनीत तू पुण्याची दगडं कशापायी भरतोस? मी म्हणलं, वावर खोलगट व्हतं, भर टाकून सारखं करतोय. खोलगट! तळहातावाणी सपाट वावर व्हतं माझं. कुशाबालाबी ते ठावं, मलाबी ठावं. तो मग तमाखू मळत बसला. त्यानं भांडायला पायजे व्हतं. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

कुठं बघतोस? — ते? ते हिरवं दिसतंय ते? न्हाई न्हाई, तिथं न्हाई. ते रोप हाय, कांद्याचं. तेजस्विनीनं टाकलंय. तेजस्विनी म्हंजी सून माझी. ती बघ, तिथंच हाय, वाफ्यात, तण काढतीय. तुझी गाडी आलेली तिनं ऐकलीय, मान वर करून बघितलं न्हाई, पर ऐकलीय. एवढाच तुकडा ऱ्हायलाय आता मातीचा. सकाळी मला म्हणली — बोलत न्हाई ती जास्ती, पर आज बोलली — आबा, आज गाडी आली आन् ती रोपावर खाली झाली, तर मी समृद्धीला घिऊन पेठला जाती. पेठ तिचं माहेर. भाऊ बरा हाय तिचा, न्हाई म्हणायचा न्हाई. जाती म्हणली म्हंजी जाणार ती. भांडली न्हाई, रडली न्हाई, भाकरी थापता थापता म्हणली. मी म्हणलं, बघू. तर म्हणती, आबा, गाडी म्हंजी माणूस न्हवं.

आता हे काय बोलणं झालं का? मला काय कळत न्हाई, गाडी म्हंजी गाडी, लोखंड हाय ते? तिला वाटतं म्हातारा गाडी बघायला बोलावतो. बरं, बघतो मी गाडी, न्हाई म्हणत न्हाई. आवाज कळतो मला, त्या मारुतीच्या देवळापाशी चढ लागतो ना, तिथं तू गिअर बदलतोस तवाच कळतं मला, दुसऱ्या कुठल्याबी हायवा डंपरचा आवाज तसा न्हाई. दुसरा गिअर टाकताना तू वढतोस रं जरा, म्हणून ती करकर करती, क्लच दाबून मग टाकत जा — ही गाडी आधीपासनं तशीच हाय, सुदर्शन म्हणायचा हिला गोडीनं घ्यावं लागतं —

काय न्हाई. पी तू च्या. गार झाला.

सुदर्शन म्हंजी — पोरगा माझा. व्हय, गेलेला. घरात फोटो बघितला असशील तू, हार घातलेला, तोच. तुला वाटलं असंल आजारपणात गेला, न्हाई का? कुणी सांगितलं न्हाई तुला? शेठनं काय सांगितलं मग, आधीचा डायवर काम सोडून गेला? — असं म्हणला? सोडून गेला. हां. तेबी खोटं न्हाई म्हणा. बस, बस खाली, हुबा काय ऱ्हातोस असा. अरं, तुझं तोंड का उतरलं? मी सांगायलाच नको व्हतं. माझी जीभ अशी हाय बघ, म्हातारी म्हणती तेच खरं. गाडीत कायबी न्हाई सोपान, गाडी चांगली हाय. देवाशप्पथ चांगली हाय. त्यानं लेकरावाणी ठिवली व्हती. मागच्या फाळक्यावर रंगाखाली अक्षरं हायत, ऊन तिरपं आलं की दिसत्यात — 'समृद्धी'. तुझ्या शेठनं वरनं रंग मारला, पर अक्षरं काय गेली न्हाईत. माझी नात रोज ती बघती आन् तिला आपलंच नाव वाचता येत न्हाई अजून, आता जाईल शाळंत.

आता अर्धं सांगितलं तर तुझ्या डोक्यात भलतंच काय भरंल. ऐक. सगळं ऐक आन् मग जायाचं तर जा.

तिकडं रोडच्या पल्याडची खाण तुला ठावं हाय. बंद पडलेली. शेठ तुला म्हणला ना, म्हातारा नको म्हणला तर खाणीवर टाक? — म्हणलाच असंल. ती खाण पार खोल व्हती, खाली पाणी, पोरं पोहायची तिथं. ठेसनाचं काम सुरू झालं आन् मालकानं ती बुजवायला काढली. सुदर्शन रोज तिथं टाकायचा. त्या खाणीवरनं इजेची तार गेलीय, मोठी लाईन. पहिल्यांदा ती एवढी वर व्हती की कुणाचं ध्यानबी नव्हतं, घारी बसायच्या तिच्यावर. ट्रॉली पुरी उचलली तरी तार आभाळात. आता तूच सांग, रोज एकाच जागी खेपा पडल्या म्हंजी काय व्हईल? खाण भरत आली. भरली. भरून वर भराव चढला, त्याच्यावर जेसीबीनं सारखं केलं, त्याच्यावर परत खेपा. तार जिथल्या तिथंच व्हती रं. जमीन वर गेली. रोज थोडी थोडी, म्हणून कुणाच्या डोळ्याला दिसलं न्हाई. आन् ती कुणी वर नेली? त्यानंच. माझ्या पोरानंच, सोताच्या खेपांनी.

दिवसाढवळ्या झालं. असंच ऊन व्हतं. खाली कोण नव्हतं बघायला. तुझं ध्यान आरशात, मागच्या फाळक्यावर असतं, वर बघायला तुला काय हाय? काय न्हाई. त्यानं रिव्हर्स घेतली, ट्रॉली उचलली, ती जाऊन लागली तारंला. तरी वाचला असता, सोपान. हे मला मागनं वायरमननं सांगितलं, आपल्याच गावचा भगवंत, रडत रडत सांगितलं त्यानं — गाडीच्या आत बसलेल्या माणसाला करंट लागत न्हाई, रखमाआबा, तो आत बसून ऱ्हायला असता, ट्रॉली खाली घेतली असती, तर हसत घरी आला असता. पर टायर पेटलं. टायर जळायचा वास आला, धूर आला, तर माणूस काय करील? तू काय करशील? मी काय केलं असतं? उतरला तो खाली. एक हात दाराला, एक पाय मातीत. तिथंच.

आन् माती तरी कसली. फलाटच तो. फलाटाच्या तुकड्यावर पाय दिला त्यानं.

न्हाई, मी बराय. धूळ गेली डोळ्यात. बस.

तू आता एक ध्यानात ठिव, माझं बाकी सगळं बोलणं विसर पर हे ध्यानात ठिव. कधी लागलंच, देव न करो, तर उतरायचं न्हाई. काय झालं तरी उतरायचं न्हाई. ट्रॉली खाली घ्यायची, गाडी फुडं काढायची. आन् आगच लागली, बसून ऱ्हाणं जमणारच न्हाई असं झालं, तर दार धरून पायरीनं उतरायचं न्हाई, दोन्ही पाय जुळवून लांब उडी हाणायची, गाडीला हात लावायचा न्हाई, आन् मग पाय न उचलता खुरडत खुरडत लांब जायचं. भगवंतकडनं मी इचारून घेतलंय हे समदं. परत परत इचारलं. तो कटाळला. माझ्या पोराला हे कुणी सांगितलं नव्हतं. मीबी सांगितलं नव्हतं, मला कुठं ठावं व्हतं. बापाला काय ठावं असतं? खत ठावं, पाणी ठावं.

बरं, मग तू इचारशील — इचार की, कुशाबा इचारतो, तेजस्विनी इचारती, तूबी इचार — मग आबा, हे वावरात भरून घ्यायचं खूळ कशापायी? सांगतो. दिवसकार्य झालं, महिना गेला, मी असाच हितं बसलो व्हतो, आन् त्या मारुतीपाशी गिअर बदलल्याचा आवाज आला. तोच आवाज. मी पळत सुटलो, चप्पलबी घातली न्हाई. मला ठावं हाय तो न्हाई, माणूस राख झालेला डोळ्यांनी बघितलाय मी, पर पाय कुठं ऐकत्यात? रस्त्याला गेलो तर गाडीत तू. दाढीबी नीट आली नव्हती तुला. मी हात केला, तू थांबवलीस. मी इचारलं, कुठं चाललास? तू म्हणलास — आठवतंय का तुला? — म्हणलास, खाणीवर, खाली करायला.  पोल हलवायचा अर्ज दिलाय म्हणत व्हतं समदे, पोल आजबी हाय तिथंच हाय. तुला म्हणू का, नको जाऊ? तू कोण, मी कोण, तू कशाला ऐकशील? शेठचं काम. म्हणून माझ्या तोंडातनं निघून गेलं, माझ्या वावरात टाक. टाक म्हणलं माझ्या वावरात, मला भर पायजे.

वर बघ. बघ की, मान वर कर. काय दिसतं? काय न्हाई ना? आमच्या वावरावरनं एकबी तार जात न्हाई. आमची मोटारबी भुईतल्या केबलवर हाय. हितं तू ट्रॉली पार आभाळाला लाव. मी हुबा ऱ्हायचो ना तुझ्या बाजूला, वर बघत, तू मनात म्हणत असशील हे म्हातारं काय घारी मोजतंय का? — म्हणत व्हतास ना? मला ठावं हाय. काय बघायला नव्हतं तिथं, तरी मी बघायचो. तुझा फाळका लागला, तू गाडी फिरवलीस, हात करून गेलास, की मला त्या दिवशी भाकर ग्वाड लागायची. येडेपणा हाय हा. पर झोप यायची रं.

एवढं बोललो न्हाई मी कुणाशी. तेजस्विनीला कसं सांगू? तिच्याम्होरं तार म्हणायची सोय न्हाई, घरातली कपडं वाळवायची तारसुदिक काढून टाकलीय तिनं, दोरी बांधलीय. म्हातारीला सांगू? तिनं दार लावून घेतलंय. मग मी वावर भरत गेलो. मला वाटायचं, ठेसन ते केवढं असंल, संपंल कधीतरी. तिकडचं पाडायचं संपंल आन् हितलं थोडं ऱ्हाईल शिल्लक. ठेसन लई मोठं निघालं सोपान. माझं वावर पुरलं न्हाई.

तुझी आय तिकडं डिंभ्याच्या धरणाच्या वर असती म्हणालास ना? झुंबरबाई. भात लावती. तिला ठावं हाय का तू काय चालवतोस, कुठं खाली करतोस? न्हाई ठावं. बरं हाय. नको सांगू.

न्हाई, न्हाई, थांब. तू काय बोलू नको. मी खाणीवरच टाकतो आबा, जपून टाकतो, असं म्हणू नको मला. जपून! त्योबी जपूनच व्हता. तुझ्यापेक्षा जपून व्हता. आन् रोपावर टाक असंबी माझ्या तोंडातनं निघायचं न्हाई आता — सकाळपासनं घशापतुर आलंय, तुला खरं सांगतो, तू आलास तवा मी ठरवूनच बसलो व्हतो, टाक म्हणायचं रोपावर, जाऊ दे सून माहेरी, परत आणू समजूत काढून, एक जीव तर वाचंल. पर ती बघ. बघ ना तिकडं. हुबी ऱ्हायलीय आता. रोपात मधोमध हुबी ऱ्हायलीय, आन् पोरीला जवळ घेतलंय. हाताला माती लागलीय तिच्या. ती काय गाडी आडवायला हुबी न्हाई, मला ठावं हाय. ती बघतीय मी काय करतो ते.

तिचं काय चुकलं रं? नवरा गेला तिचा. मी त्याच्या मागनं जमीनबी घालवली. पोरीला द्यायला आता एवढंच हाय तिच्याजवळ, हातरुणाएवढं रोप.

सूनबाई! ए तेजस्विनी! — पाणी सोड रोपाला. न्हाई टाकत. न्हाई टाकत म्हणलं! आज न्हाई, उद्या न्हाई, गाडी ह्या बांधाच्या आत परत यायची न्हाई. पाणी सोड तू, ऊन झालंय, माना टाकत्याल रोपं.

ऐकलं तिनं. वाकली बघ.

ठिव तो कप. ऊठ. चालू कर गाडी, मीबी येतो. कुठं म्हंजी? खाणीवर. तू खाली करणार, मी खाली हुबा ऱ्हाणार. आधी मी उतरणार, तारंपासनं लांबची बाजू बघणार, आन् मी हात केल्याबिगर तू ट्रॉलीला हात लावायचा न्हाई, समजलं? उद्याबी. परवाबी. तू मारुतीपाशी थांबत जा, मी तिथं येऊन बसंन. तुझ्या शेठला काय सांगायचं ते मी सांगतो, पगार नको मला, कायबी नको, म्हाताऱ्याला येळ जात न्हाई म्हण. मी गेलो न्हाई अजून तिकडं. त्या दिवसापासनं एकदाबी गेलो न्हाई, रस्ता आला की तोंड फिरवतो मी एष्टीत.  पर आज येतो. तुझ्याकडं वर बघणारं कोण हाय दुसरं?

हात दे. लई उंच हाय रं पायरी. — हां. धर. बसतो, बसतो, ढकलू नको.

सुदर्शन कितींदा म्हणला, आबा, बसा एकदा, आळेफाट्यापतुर चक्कर मारून आणतो. मी म्हणायचो, मला काय काम हाय तिथं.

दार लाव. चल आता. आन् मला काय इचारू नको रस्त्यात, मला बोलता यायचं न्हाई. चल.